टाकीला फुटलेला घाम

[दृश्य : निफाड. डिसेंबरची पहाट. लग्नाच्या मंडपामागे आचाऱ्यांची भट्टी.]

पातेल्यात मसालेभात रटरटतोय. नळीच्या दुसऱ्या टोकाला, चार हातांवर, १९ किलोची टाकी मात्र गारठलीय. निम्म्या अंगाला घाम, बुडाशी पांढरं हिव. ज्योत मलूल. आचारी म्हणतो, "गॅस थिजला!"

थिजला नाही. टाकीतल्या गॅसमधला प्रोपेन थिजायला उणे १८८ अंश सेल्सिअस लागतात. आत चाललंय उलटंच : तो उकळतोय.

[दृश्य : टाकीचा छेद. खाली द्रव, वर वाफ.]

टाकीत भरलेला असतो तो द्रव, प्रोपेन आणि ब्युटेनचा. मोकळ्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो. बंद टाकीत त्याचीच वाफ त्याला दाबून धरते. निव्वळ प्रोपेन असेल, तर २० अंशांना हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे आठपट.

कॉक उघडला, वाफ निघाली, की दाब उतरतो. तूट भरायला द्रव उकळतो, आणि उकळायला उष्णता लागते : उणे ४२ अंशांना किलोमागे साधारण ४२५ किलोज्यूल. तोच किलो जळताना ४६ हजार किलोज्यूल देतो. शंभरपट! पण ती सगळी भाताला. टाकीच्या वाट्याला काही नाही; तिला आपल्याच पत्र्याकडून आणि भोवतालच्या हवेकडून उसनवारी करावी लागते. पहाटे आठ अंशांची हवा देऊन देणार किती?

[दृश्य : टाकीवरची घामाची रेघ, जवळून.]

ही रेघ बघा. द्रव इथपर्यंत आहे. दाब दाखवणारा काटा लावूनही हे कळलं नसतं, कारण दाब तापमानावर ठरतो, शिल्लक मालावर नाही.

टाकी संपत आली की रडगाणं वाढतं. प्रोपेन आधी उडून जातो, मागे ब्युटेन उरतो, आणि तो उकळतो उणे अर्ध्या अंशाला. गारठ्यात अगदीच आळशी.

[दृश्य : टाकी टपात. पोरगा विहिरीचं पाणी ओततोय.]

विहिरीचं पाणी पहाटे हवेपेक्षा उबदार असतं. तेवढं पुरतं. उकळतं पाणी किंवा जाळ, चुकूनही नाही.

[दृश्य : मंगल कार्यालयाची भिंत, एसीचं बाहेरचं यंत्र.]

गार होण्याची हीच खोड काही एसींमध्ये कामाला लावलीय. तिथे प्रोपेनचं नाव आर-२९०. तिथे तो जाळत नाहीत. खोलीतली उष्णता घेऊन उकळतो, बाहेर येऊन ती सोडतो, पुन्हा द्रव होतो.

[दृश्य : ज्योत निळी झालीय. आचारी झाकण उचलतो.]