सातवी जागा

आपण पाहत आहात ते 2 मे 1992 चे, युद्धात सापडलेले सारायेव्हो, बोस्नियाची राजधानी. शहराच्या स्केंदेरिया भागाजवळ ट्राम जळत आहे, मुख्य टपाल कार्यालय पेटल्याने शहरातले असंख्य दूरध्वनी बंद पडले आहेत आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत यंत्र अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक येऊन बसले आहेत: एयुप गानिच.

नोव्ही पाझारजवळच्या सेबेचेव्हो गावी 1946 साली जन्मलेल्या गानिच यांनी 1976 मध्ये अमेरिकेतील एमआयटीतून डॉक्टरेट घेतली, शिकागोत अध्यापन केले आणि उष्णता-संक्रमणावरील एका मोठ्या संदर्भग्रंथाचे सहसंपादन केले. 1990 च्या निवडणुकीत बोस्नियाच्या अध्यक्षमंडळावर दोन मुस्लिम, दोन सर्ब, दोन क्रोएट आणि या तिन्हींत स्वतःची गणना न करणारा सातवा सदस्य निवडायचा होता. गानिच यांना उमेदवारी अलिया इझेतबेगोविच यांच्या पक्षाने दिली होती. निवडून आले ते मात्र ‘युगोस्लाव्ह’ म्हणून, त्या सातव्या जागेवर. वंशांची मोजदाद सुरू झालेल्या देशात ही एक जागा नागरिकासाठी उरली होती, हे आवर्जून सांगायला हवे.

त्या दिवशी लिस्बनच्या वाटाघाटींहून परतलेल्या अध्यक्ष इझेतबेगोविच यांना युगोस्लाव्ह सैन्याने विमानतळावर मुलीसह ताब्यात घेतले होते. ते दूरध्वनीवर आले, सैन्याचे जनरल कुकान्याच आले, समोर गानिच बसलेले, मध्ये निवेदक सेनाद हाजीफेइझोविच, आणि हे सारे थेट प्रक्षेपणात. आपल्या अनुपस्थितीत गानिच कारभार पाहतील, हे इझेतबेगोविच यांनी त्याच दूरध्वनीवरून जाहीर केले आणि घरोघरी लोकांनी ते ऐकले.

दुसऱ्या दिवशी, शहरातल्या बिस्त्रिक भागातील सैन्याच्या मुख्यालयात बोस्नियाच्या फौजांनी वेढलेल्या कुकान्याच यांच्या बदल्यात अध्यक्षांची सुटका ठरली. दोब्रोव्होल्याच्का रस्त्यावर, तिथून बाहेर पडणाऱ्या युगोस्लाव्ह सैन्याच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्यात माणसे मारली गेली.

2004 मध्ये गानिच यांनी सारायेव्होत विज्ञान व तंत्रज्ञानाचे विद्यापीठ उभारले. त्याच्याशी संलग्न असलेल्या बकिंगहॅम विद्यापीठाच्या पदवीदान समारंभासाठी ते इंग्लंडला गेले असता, त्या हल्ल्याच्या आरोपावरून सर्बियाच्या मागणीनुसार 1 मार्च 2010 रोजी त्यांना हीथ्रोवर अटक झाली. 27 जुलैला लंडनच्या न्यायाधीशांनी ही कारवाई राजकीय हेतूने होत असल्याचे सांगून त्यांना मुक्त केले. 2022 मध्ये बोस्नियाच्या अभियोक्त्यांनीही त्यांच्यासह दहा जणांवर आरोपपत्र दाखल केले.

हा सारायेव्होजवळच्या इलिजाचा परिसर, आणि ही त्यांच्या विद्यापीठाची इमारत.