तळ्यात तयार होतं, रेतीत साठतं

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात वैनगंगेच्या कोरड्या पात्रात हातभर उकरलं की पाणी पाझरतं. खनिज तेलही जमिनीखाली असंच, रेतीच्या कणांमधल्या फटींत असतं. खाली तेलाचा तलाव नसतो.

आता बाडमेरचं ऐका. राजस्थानच्या त्या वाळवंटात शेल कंपनीनं तेल शोधलं. मनासारखं हाती लागेना, तेव्हा आपला हिस्सा केर्न नावाच्या लहान कंपनीला देऊन ती निघून गेली. आणि 2004 च्या जानेवारीत केर्नला ‘मंगला’ सापडलं! जमिनीवरचा एवढा मोठा तेलसाठा देशात वीसेक वर्षांत कुणाला लागला नव्हता. तेल होतं फतेहगढच्या रेतीखडकात, म्हणजे जुन्या नद्यांच्या रेतीत. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला, त्याच्याच आगेमागे साचलेली ही रेती. पण तेल तयार झालं तळ्याच्या काळ्या गाळात, त्यात गाडल्या गेलेल्या शेवाळापासून. म्हणून ध्यानात ठेवा, तळ्यात तयार होतं, रेतीत साठतं. तळ्यातल्या शेवाळाचं तेल मेणचट. चाळीसेक अंशांखाली उतरलं की थिजायला लागतं. मग काय, गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 670 किलोमीटरची पाइपलाइन टाकली, तीही वाटभर तापवत नेलेली. आत तेल 65 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं!

तळ्याचा तळ बिनहवेचा हवा, नाहीतर शेवाळ कुजून जातं. तो गाळ खोल गाडला जाऊन साधारण 60 ते 120 अंश तापला की तेल सुटतं आणि सरकत सरकत रेतीत शिरतं. वर चिकणमातीचं झाकण लागतं, नाहीतर तेल निसटतं. नदीची रेती मात्र फसवी. पात्र अरुंद, वळणावळणाचं. विहीर थोडी बाजूला पडली की नुसती चिकणमाती लागते. म्हणून विहिरीत यंत्र सोडून खडकाचा किरणोत्सर्ग मोजतात. चिकणमातीत तो जास्त भरतो, स्वच्छ रेतीत कमी. आपण बोअर मारतो, पण किती फुटांवर कोणता थर लागला हे कुणी वहीत लिहीत नाही. पाणी लागलं की माती विसरली! लिहायला पाहिजे, बाप्पा.

मग वणी-घुग्घुसला कोळसा आहे, तेल का नाही? तिथं गाडली गेली दलदलीतली झाडं. लाकडातून कोळसा आणि वायू मिळतो, तेल फारसं नाही. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची विष्ठासुद्धा दगड होऊन सापडते, पण तिथली माती लाल. लाल म्हणजे हवा लागलेली. तेलासाठी काळा गाळ लागतो.