उतरवताना

[काळोखी खोली. जांभळा दिवा.]

दिवा लागला आणि ताईंच्या मनगटावर हिरवट डाग चमकला. दुसरा कानामागे. तिसरा थेट चष्म्याच्या काडीवर. हा विषाणू नव्हे. संरक्षक कपडे उतरवण्याच्या सरावाआधी त्यांच्या गाऊनवर आणि हातमोज्यांवर फवारलेला रंग आहे. गाऊन उतरला, मोजे उतरले, रंग मात्र अंगावर राहिला.

[सभागृह. खुर्च्यांवर परिचारिका, मागे सफाई कामगार.]

सत्तरी तालुक्यातला हा सराव. इथल्या बहुतेकींनी कोविडचं २०२० अंगावर काढलेलं आहे. २५ मार्चला गोव्यात पहिले रुग्ण सापडले, मडगावचं ईएसआय रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. एप्रिल सरता सरता राज्यात एकही रुग्ण उरला नव्हता. मग जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिल वस्तीत साथ पसरली. तिथे काम करणाऱ्या काही आरोग्य कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. जगभरात मे २०२१ पर्यंत सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी दगावले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज.

[हातांचं जवळून चित्रण.]

आता हात बघा. पहिला मोजा बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढायचा. दुसऱ्याच्या आत बोट सरकवायचं, म्हणजे उघड्या बोटाला बाहेरची बाजू लागत नाही. गाऊनचे बंद पाठीमागून सोडायचे आणि मळकी बाजू आत गुंडाळत न्यायची. झटकायचा नाही. मग हात.

"ताई, हात!" समोरून सिस्टर ओरडतात.

सॅनिटायझर वीस ते तीस सेकंद, अंगठ्याभोवती आणि नखांपाशीही. गॉगल मागच्या पट्ट्याने उचलायचा. मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला बोट लावायचं नाही. पुन्हा हात.

बोलायला दोन मिनिटांचं काम. पण मे महिन्यात, घामाने निथळत, प्लास्टिकच्या सूटमध्ये अख्खी ड्युटी काढलेली बाई तो सूट ओरबाडूनच काढणार. म्हणून समोर उभं राहून एकेक पायरी सांगणारी सिस्टर हवी. आणि माणसं कमी पडली की ड्युटी चार्टमधून पहिली गळते ती हीच.

[आरशासमोर मास्क लावणाऱ्या मुली.]

एन-९५ मास्कमधला ९५ हा आकडा कापड किती टक्के कण अडवतं त्याचा आहे, गालाजवळच्या फटीचा नाही. नाकावरची पट्टी दाबा, जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा.

[पिवळ्या पिशव्या. सफाई कामगार.]

डॉक्टरांच्या टोपीपासून रुग्णाच्या मास्कपर्यंत बरंच काही याच पिशवीत येतं. कोविडच्या कचऱ्याला एकात एक दोन पिशव्या. तीन चतुर्थांश भरली की तोंड बांधायचं, दाबून जागा करायची नाही. दाबली की आतली हवा थेट तोंडावर येते. हे ज्यांना रोज करायचं, ते सभागृहात मागच्या रांगेत बसलेत. त्यातले बरेच कंत्राटी.

[जांभळा दिवा पुन्हा. रांग.]

दुसऱ्या फेरीत सिस्टरांनी मागची रांग पुढे बोलावली. एका काकांच्या कोपरावर मोठा डाग निघाला. गाऊनची बाही आखूड होती. त्यांना मोठ्या मापाचा गाऊन हवा आहे. साठ्यात एकच माप आहे.