मूळ गाव : घाट

(गोव्यातल्या फोंड्यात लोकप्रशासनाच्या प्राध्यापकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

मला दिलेला विषय भारदस्त आहे : लोकप्रशासनाच्या उच्च शिक्षणात विविधता व्यवस्थापन. 'व्यवस्थापन' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पसारा येतो. काहीतरी अस्ताव्यस्त पडलंय आणि कुणीतरी ते आवरतोय. विविधता म्हणजे पसारा, अधिकारी म्हणजे आवरणारा, आणि तो स्वतः मात्र त्या पसाऱ्यात कुठेच नाही, अशी समजूत या शब्दातच दडून बसलीय. ती समजूत मी स्वतः बरीच वर्षं वर्गात शिकवली, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

एम. ए.च्या वर्गाला मी हा घटक घ्यायचो. व्याख्या, प्रकार, फायदे, अडचणी. फळ्यावर धर्म, भाषा, जात, लिंग, अपंगत्व असे रकाने आखायचे आणि भरायचे. एका वर्षी एका मुलीनं या प्रश्नाचं उत्तर इतकं नेटकं लिहिलं, की पुढच्या वर्गाला मी ते नमुना म्हणून वाचून दाखवलं. तिलाच आम्ही नंतर क्षेत्रकार्यासाठी वास्कोजवळ झुआरीनगरला पाठवलं. रेशनकार्ड कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही, एवढीच पाहणी. तिचे तक्ते माझ्याकडे आले. 'मूळ गाव' या रकान्यात तेवीस घरांपुढे एकच शब्द होता : 'घाट'.

तुम्हाला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे घाटावरून आला तो 'घाटी'. मग तो गदगचा असो, विजापूरचा असो की सोलापूरचा. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "सर, ते सगळे तिथलेच ना?" तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. गुण मीच दिले होते. त्यामुळे चूक कुठं झाली हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

आता थोडं ग्रंथांकडे, कारण अभ्यासक्रम तिथूनच येतो. १९४४ मध्ये डोनाल्ड किंग्जली यांनी ब्रिटिश नोकरशाहीवर लिहिताना 'प्रातिनिधिक नोकरशाही', म्हणजे समाजाचं प्रतिबिंब असलेली नोकरशाही, हा शब्द रूढ केला. १९६८ मध्ये फ्रेडरिक मोशर यांनी त्यात एक फरक दाखवला : एखाद्या समाजाची माणसं खुर्चीत दिसणं वेगळं आणि खुर्चीत बसून त्यांनी त्या समाजासाठी काही करणं वेगळं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनोब्रुकच्या परिषदेतून नवलोकप्रशासनाची चळवळ निघाली आणि कार्यक्षमता व काटकसर यांच्या शेजारी सामाजिक न्याय येऊन बसला. 'विविधता व्यवस्थापन' हा शब्द मात्र खासगी कंपन्यांतून आला. १९९० मध्ये रूझवेल्ट थॉमस यांचा लेख गाजला तो कंपनीतल्या माणसांबद्दलचा होता. कंपनीला कर्मचारी सांभाळायचे असतात. सरकारला कर्मचाऱ्यांबरोबर दारात आलेला माणूसही सांभाळायचा असतो, आणि तो माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. आपली पाठ्यपुस्तकं हा फरक एका वाक्यात उरकतात. अमेरिकेत लोकप्रशासनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी नास्पा ही संस्था विविध कर्मचारी आणि विविध नागरिक या दोघांशीही नीट वागता येणं ही विद्यार्थ्याची आवश्यक क्षमता मानते. आपल्याकडे तो सगळा भार आरक्षणाच्या प्रकरणावर टाकून आपण मोकळे होतो.

त्या प्रसंगानंतर मी फळ्यावरचे रकाने सोडले. आता पहिल्या दिवशी गृहपाठ देतो : घरातलं कपाट उघडा आणि त्यात कोणकोणते कागद आहेत, कोणत्या सालापासूनचे आहेत, त्याची यादी करून आणा. कागद आणायचे नाहीत, फक्त यादी. मुलं हसतात. पुढच्या तासाला हसत नाहीत. कुणाच्या यादीत पोर्तुगीज काळातला मात्रिझचा, म्हणजे घर-जमिनीच्या करनोंदीचा उतारा असतो, कोमुनिदादीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे कागद असतात, सातबारासारखा एक-चौदाचा उतारा असतो, आजोबांचं विक्रीखत असतं. कुणाच्या यादीत चार ओळी : आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वीजबिल. त्यातलं वीजबिलही दुसऱ्याच्या नावावर.

प्रशासनाच्या दारात माणसाचं वेगळेपण सगळ्यात आधी कागदाच्या रूपानं येतं. धर्म, जात, भाषा हे सगळं मागून. आणि खिडकीच्या आत बसणारा बहुतेक वेळा भरलेल्या कपाटाच्या घरातला असतो.

नावाचंच घ्या. पोर्तुगीज काळच्या नोंदीत कामत 'कामोतीं' होतात, प्रभू 'पोरोब' होतात, शेणवी 'सिनाय' होतात. शाळेत मराठीतून नाव घातलं, आधारवर इंग्रजीतून आलं, आणि तीन कागदांवर एकाच माणसाची तीन माणसं झाली. नाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे. पण कामोतींच्या घरात त्यासाठी वकील असतो, कधी काकाच वकील असतो. केपे तालुक्यातल्या गावडा कुटुंबात तोच घोळ झाला तर मुलाची शिष्यवृत्ती अडते. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, मुक्तीनंतर चार दशकांनी. २०११ च्या जनगणनेत ही माणसं दीड लाखाच्या जवळपास होती, राज्याच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक. दर्जा मिळाला, पण दाखल्यासाठी पुन्हा कागद लागतोच.

दुसरा धडा मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचा. माझ्या मते तो या विषयाचा गाभा आहे आणि आपल्या पुस्तकांत तो सापडत नाही, कारण पुस्तकं गोव्यात लिहिलेली नाहीत. १९७५ च्या कायद्यानं मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्कही दिला. निर्णय मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे. मी वर्गात एक काल्पनिक फाइल वाटतो : भाटकार म्हणतो हा माझा भाडेकरू, घरातली म्हातारी म्हणते आम्ही पिढ्यानपिढ्या इथेच. प्रत्येकानं मामलेदार होऊन आदेश लिहायचा. वर्गात भाटकाराची नातवंडं असतात आणि मुंडकाराचीही, एकाच बाकावर. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, म्हणजे मी आजोबांच्या विरुद्ध निकाल देऊ?" मी म्हटलं, "पुरावा बघ आणि दे." त्यानं दोन दिवस मागून घेतले. शेवटी लिहिलेला आदेश चांगला होता की नाही हे मला आठवत नाही. ते दोन दिवस आठवतात.

भाषेबद्दल बोलताना मला थोडं जपून बोलावं लागेल, कारण या सभागृहात बहुतेक आपण मराठीवाले आहोत. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा आपल्याला पाठ आहे. कोकणी राजभाषा, तीही देवनागरी लिपीतली, आणि मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी करता येईल अशी तरतूद. नोकरीच्या जाहिरातीत मात्र कोकणीचं ज्ञान 'आवश्यक' आणि मराठीचं 'इष्ट'. ते 'इष्ट' आपल्याला टोचतं. मलाही टोचतं. वर्गात मी हा सल लपवत नाही, त्याचाच उपयोग करतो. मराठी घरातल्या मुलांना सांगतो, खिडकीपुढे आपली भाषा दुय्यम ठरते तेव्हा काय वाटतं ते कागदावर लिहा. भरभरून लिहितात. मग विचारतो, रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्या सासष्टीतल्या आजीला काय वाटत असेल? आणि जिचं कानडीही आपण कधी कानावर घेतलं नाही त्या बांधकाम मजूर बाईला? वर्ग गप्प होतो. संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. हे कलम आपण मराठीसाठी उच्चरवानं वापरतो. ते आपल्यापुरतं लिहिलेलं नाही, हे शिकवणं मला सगळ्यात जड गेलं. मुलांमुळे नव्हे, माझ्यामुळे.

अपंगत्वाचा भाग मी थोडक्यात घेतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, नोकरीत चार टक्के राखीव जागा आहेत, हे पाठ होतं. त्यापेक्षा मुलांना एका सरकारी कचेरीत चाकाच्या खुर्चीतून पहिल्या मजल्यावर जायला सांगा. परत आल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही.

सहकारी म्हणतात, हे समाजशास्त्र झालं. प्रशासनात नियम सगळ्यांना सारखा. मान्य. पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचा नियम सारखाच आहे. पण दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्याचा पुरावा घरमालकाच्या कपाटात असतो, आणि तो मालक कर भरावा लागेल म्हणून करारच करत नाही. नियम कपाट बघत नाही. अधिकाऱ्याला ते बघता आलं पाहिजे. नियम मोडण्यासाठी नव्हे, दुसरा कोणता पुरावा चालेल हे शोधण्यासाठी. हे कौशल्य आहे आणि ते सरावानं येतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी तिला तक्ते परत दिले आणि झुआरीनगरला पुन्हा जायला सांगितलं. ती रागावली होती. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "सर, पहिल्याच घरातल्या आजीला मूळ गाव विचारलं, तर तिनंच सांगितलं, घाट." तीस वर्षं आजी गोव्यात होती. इथं विचारणाऱ्याला तेवढं उत्तर पुरतं, हे तिला पाठ झालं होतं. मुलीनं पुन्हा विचारलं, कोणत्या तालुक्यात, कोणत्या नदीजवळ. आजी आधी हसली, मग तिनं गावाचं नाव सांगितलं. मुलीला ते नीट ऐकू आलं नाही. तिनं तीनदा म्हणून घेतलं आणि जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहिलं. रकाना अरुंद होता, नाव दोन ओळींत गेलं.