रिकाम्या जागेचे शेजारी

नमस्कार श्रोतेहो.

दाढ काढून झाली की पेशंट कापूस दाबून धरत खुर्चीतून उठतो आणि खुणेनंच विचारतो, आता इथं काय बसवायचं? हा प्रश्न मला अर्धा तास आधी हवा असतो, दाढ काढण्यापूर्वी.

कारण तोंडातला प्रत्येक दात शेजाऱ्यांच्या आधारानं उभा असतो. मधली एक दाढ गेली की तिच्या मागची दाढ हळूहळू पुढं कलते. वरच्या जबड्यातल्या जोडीदार दाढेला टेकायला काही उरत नाही, म्हणून ती खाली उतरू लागते. ज्या हाडात मूळ रुतलेलं होतं ते हाडही झिजतं, आणि सर्वांत जास्त झिजतं ते पहिल्या वर्षातच. चार-पाच वर्षांनी पेशंट येतो तेव्हा जागा अरुंद झालेली असते, हाड पातळ झालेलं असतं, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. खर्च वाढतो तो वेगळाच.

मध्यंतरी काटोलकडच्या एक काकू आल्या. घरची संत्र्याची बाग, वय साठच्या आसपास. खालची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली. म्हणाल्या, "बाई, आमच्या जाऊबाईनं ब्रिज बसवला, मले बी तोच लावून द्या." मी तोंड तपासलं. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात धडधाकट होते, त्यांना कीड नव्हती की कधी सिमेंट भरलेलं नव्हतं. ब्रिज करायचा म्हणजे हे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचे, त्यांवर कॅप चढवायच्या आणि मधला खोटा दात त्यांच्या आधारानं लटकवायचा. घासलेलं दाताचं वरचं कवच पुन्हा येत नाही. एका गेलेल्या दाढेसाठी दोन चांगले दात कापायला माझा हात धजावत नाही.

जाऊबाईंचं मात्र बरोबर असू शकतं. शेजारच्या दातांना आधीच रूट कॅनाल झालेलं असेल, कॅप लागणारच असेल, तर तिथं ब्रिज हाच शहाणपणाचा पर्याय. दोन-तीन आठवड्यांत काम होतं, हाडात काही रोवावं लागत नाही. फक्त त्या खोट्या दाताखालून रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो. नाही फिरवला तर कॅपखाली कीड लागते आणि आधार देणारा दातच जातो.

काकूंना मी इम्प्लांटबद्दल सांगितलं. टायटॅनियमचा छोटा स्क्रू हाडात बसवतात, त्यावर दात. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे 1952 च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते निघेना, हाडानं त्याला धरून ठेवलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हाडानं स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. "एका दिवसात पक्के दात" अशा पाट्या आपण वाचतो. काही पेशंटमध्ये ते जमतंही, पण हाड भक्कम लागतं, आणि हाड कसं आहे ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट नाहीच, असं नाही. मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, मानेला-जबड्याला कधी शेक म्हणजे रेडिएशन दिलं असेल, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगा. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी सुजते, हाड झिजतं. पायरिया असेल तर आधी त्याचा इलाज.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. आपल्या नागपुरात यावर बोललंच पाहिजे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं. तिशीतल्या मुलांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, माप घ्यायचा साचा आत जात नाही. अशा वेळी कवळी, ब्रिज, इम्प्लांट, तिन्ही रस्ते अरुंद होतात. मला फार वाईट वाटतं तेव्हा. शिवाय तंबाखू चालू ठेवली तर बसवलेला इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

कवळीला लोक उगाच कमी लेखतात. बरेच दात गेले असतील, खर्च झेपत नसेल, आजारपण असेल, तर नीट मापाची कवळी चांगलं काम करते. तिची चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या साधारण पावपट, त्यामुळे बोरं, ऊस जमणार नाही. भाकरी दुधात-वरणात कुस्करून खाता येते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात कधीही नाही, वाकडी होते. खालची पूर्ण कवळी जिभेनं सारखी उचलली जाते, ही तक्रार मी रोज ऐकते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी अशांसाठी खालच्या जबड्यात पुढं दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणं ही पहिली निवड मानली. सगळ्या दातांसाठी आठ-दहा स्क्रू लागतात, या भीतीनं घरी बसू नका.

काही वेळा काहीच न बसवणंही योग्य असतं. अगदी मागची दाढ गेली, बाकी वीसेक दात जोडीनं नीट भिडतात, खाताना अडत नाही, तर मी पेशंटला परत पाठवते आणि सहा महिन्यांनी दाखवायला सांगते. जपानमध्ये 1989 पासून ऐंशीव्या वर्षीही स्वतःचे वीस दात टिकवा अशी मोहीमच चालते.

एकच गोष्ट करू नका. बाजारात बसून तासाभरात "फिक्स दात" लावून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते प्लास्टिक शेजारच्या दातांना चिकटवतात, तारेनं बांधतात. खाली अन्न सडतं आणि ते दातही हलू लागतात. पैशांची अडचण असेल तर मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण शिकणाऱ्या डॉक्टरांच्या कामावर तिथं अनुभवी शिक्षकांची नजर असते.

काकूंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "शेजारचे दात नाही घासा लागन ना?" मी नाही म्हटलं. आंबिया बहाराचा माल गेला की येते म्हणाल्या. तोवर साखर तपासून ठेवायला मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली आहे.

नमस्कार.