फोनवर सेल्फ ऐकणारे मिस्त्री

(पडदा काळा. फक्त आवाज: टक्-टक्-टक्-टक्-टक्.)

जुलैतली सकाळ, साडेसात वाजलेत. कोथरूडच्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडचं शटर अजून अर्धंच वर गेलंय आणि मिस्त्रींचा फोन वाजतोय. पलीकडून येणारं पहिलं वाक्य त्यांना पाठ आहे. "अहो, काल रात्रीपर्यंत एकदम व्यवस्थित होती!"

त्यावर मिस्त्री काही बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "फोन बॉनेटजवळ धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा."

मग डोळे मिटून ऐकतात. स्कूटरवर काय घ्यायचं ते त्या तीन-चार सेकंदांत ठरतं. 'गाडी चालू होत नाही' ही त्यांच्या लेखी तक्रारच नाही. कशी चालू होत नाही, ते ऐकवा.

आजचा आवाज तुम्ही आत्ताच ऐकलात. "उतरली बॅटरी," मिस्त्री म्हणतात. एक चार्ज केलेली बॅटरी पायाशी, जम्पर केबल डिकीत, व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर खिशात.

सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, ही गाडीतली सगळ्यात खादाड वस्तू. छोट्या पेट्रोल गाडीतही इंजिन फिरवताना ती शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते. चावी फिरवली की आधी सोलेनॉइड, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, आत ओढला जातो आणि मोटरला करंट जोडून देतो. बॅटरी अशक्त असेल, तर मोटरने घास घेताक्षणी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. ही ओढाताण सेकंदात कितीतरी वेळा होते. टकटक ती त्याची.

(सोसायटीचं पार्किंग. बॉनेट उघडलेलं. मल्टिमीटरचा आकडा जवळून.)

11.4. विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. बारावर आली की तिच्यात फारसा जीव उरलेला नसतो. मालक म्हणतात, "दिवे मी स्वतः बंद केले होते." दिवे बंदच होते, पण मागचं दार नीट लागलं नव्हतं आणि छतातला तो टिकलीएवढा बल्ब शुक्रवार रात्रीपासून जळत होता. बल्ब पाच वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरलाही कमी. पण रविवार रात्रीपर्यंत 48 तास धरा: वीस अँपिअर-तास गेले. बॅटरी होती पस्तीसची.

केबल लावण्याआधी मिस्त्री टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड बघतात. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुतात आणि जुन्या टूथब्रशने घासतात. कित्येकदा एवढ्यावरच गाडी चालू होते. बॅटरी भरलेली असते, नुसतं टर्मिनल सैल किंवा खराब झालेलं असतं आणि लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात.

आता केबल. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा बॅटरीला लावायचाच नाही, तो इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

(सेल्फचा आवाज. इंजिन धरतं.)

मालकांचा हात लगेच चावीकडे जातो. "बंद करू नका!" मिस्त्री केबल काढतात आणि पुन्हा मीटर लावतात. 14.1. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज करणारा, बॅटरी भरतोय. इथे बाराच दिसले असते, तर ही गाडी पुढच्या सिग्नललाही भरवशाची नव्हती.

सोसायटीतले एक आजोबा विचारतात, "धक्का का नाही मारला?" मारला असता, जुनी कार्ब्युरेटरची गाडी असती तर. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर विजेवर, आणि सगळा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटरही विजेवर. बॅटरी पार मेलेली असेल तर वॉचमनसकट चौघांना घाम फुटतो, बाकी काही होत नाही. आजोबांच्या अँबेसिडरला पुढून हँडल मारता यायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा गेलाच. या त्रासातून सुटका करणारा चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये आला.

(शेड. दुपार.)

फोनवर कधी कधी एकच दणकट 'टक्' येतो आणि पुढे शांतता. दिवे मात्र लख्ख. मग संशय सेल्फवरच. आतले कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारे ब्रश, झिजलेले असतात. मिस्त्री गाडीखाली हात घालून मोटरच्या अंगावर पान्याने दोन हलक्या टिचक्या मारतात आणि गाडी चालू होते. बघणाऱ्याला जादू वाटते. मिस्त्रींना नाही वाटत. ते म्हणतात, "आता सरळ गॅरेजला घ्या. वाटेत दुधाला थांबू नका."

आणि काहीच आवाज नसेल तर? मिस्त्री आधी गिअर विचारतात. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्येच राहिलेली असते, किंवा क्लच पूर्ण दाबलेला नसतो. असे फोन करणारे पुढे काही दिवस गल्लीतून लांबूनच जातात.

सगळ्यात अवघड आवाज मात्र निरोगी वाटणारा. सेल्फ छान फिरतो, इंजिन धरत नाही. इथे बॅटरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. चावी ऑन करून मागच्या सीटवर बसायचं आणि कान द्यायचा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक घूंऽऽ ऐकू येते. नाही आली तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच), मग पंप. घूं येत असेल, तर डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय का बघायचं. लुकलुकत असेल तर गाडीने तुमची चावीच ओळखलेली नाही.

परवाच्या गाडीत पंपाचा आवाज नव्हता, फ्यूज ठीक, रिले ठीक. मिस्त्रींनी वायर बोटांनी चाचपत चाचपत तास घालवला. पावसात उंदरांना इंजिनची ऊब लागते, हे मालकांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधून ठेवली होती.

(टॉर्चचा प्रकाशझोत. पुडी जवळून.)

पुडी शाबूत आहे. पंपाची वायर पुडीपासून वीतभर अंतरावर कुरतडलेली.