यानुस: दाराच्या देवाचे नाव

पडद्यावर दिसणारे हे कांस्य नाणे प्राचीन रोमचे आहे. त्यावर दाढी असलेली दोन मुखे एकमेकांकडे पाठ करून जोडलेली आहेत आणि मागील बाजूस जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक कोरलेले आहे. ही मुखे ज्या देवाची, त्याला इंग्रजीत जेनस म्हणत असले, तरी लॅटिन उच्चार 'यानुस' असा आहे.

लॅटिनमध्ये 'यानुस' म्हणजे कमानीखालून जाणारी वाट आणि 'यानुआ' म्हणजे घराचे दार. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ. स. पू. पहिल्या शतकातच या नावाचा संबंध 'जाणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला होता. आजचे भाषाशास्त्रही हे नाव ज्या धातूकडे नेते, त्याच धातूतून संस्कृतातील 'याति' आणि 'यान' हे शब्द आले, आणि 'याति'पासूनच आपले 'जाणे' घडले. आपल्याकडे 'यात्रे'ची 'जत्रा' झाली, तसाच लॅटिन 'य'चाही युरोपातील पुढच्या भाषांत स्वतंत्रपणे 'ज' झाला. म्हणूनच या देवाच्या नावाचा महिना आपण जानेवारी म्हणतो. रोजच्या बोलण्यातले 'जाणे' आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले 'जानेवारी' हे इतके जुने नातलग आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रत्येक जाण्याला आरंभ असतो, म्हणून रोमन लोक प्रार्थनेत सर्वप्रथम, अगदी देवांचा राजा ज्युपिटर याच्याही आधी, यानुसचे नाव घेत. 'उघडणारा' आणि 'मिटणारा' अशा अर्थाची 'पातुल्कियुस' आणि 'क्लुसियुस' ही त्याची आणखी दोन नावे कवी ओविड सांगतो.

रोमच्या फोरममधील, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातील, त्याच्या देवळाची दारे युद्धकाळात उघडी आणि शांततेत बंद ठेवण्याचा प्रघात होता. ती बंद होण्याची वेळ क्वचितच येई. आपल्या कारकिर्दीत ती तीनदा मिटण्याचा निर्णय झाल्याची नोंद सम्राट ऑगस्टसने अभिमानाने करून ठेवली, तर पुढे सम्राट नीरोने बंद दारांचे चित्र नाण्यांवरच कोरून घेतले.

सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियुस या लहानशा कांस्य देवळाचे वर्णन करतो: आत पाच हात उंचीची मूर्ती, तिचे एक मुख पूर्वेकडे, दुसरे पश्चिमेकडे आणि प्रत्येक मुखासमोर एक दार. रोम तोपर्यंत ख्रिस्ती झाले होते आणि दारे कायमची मिटली होती. तरीही इ. स. 537 मध्ये गॉथ या जर्मानिक लोकांनी शहराला वेढा घातला, तेव्हा काही जणांनी ती गुपचूप उघडण्याचा प्रयत्न केला. दारे पूर्ण उघडली नाहीत. पण पूर्वीसारखी घट्ट मिटलीही नाहीत.